सोळा खोटे दात आणि एक खरा

पनवेल मागे टाकून पुण्याकडे निघालं की कोन लागतं. गाडीतल्या बहुतेकांना हे गाव फाटा म्हणूनच माहीत असतं. द्रुतगती मार्ग धरायचा, जुन्या महामार्गाने खोपोलीकडे जायचं, की कोन-सावळे रस्त्याने रसायनीकडे वळायचं, ते इथे ठरतं. याच कोनमध्ये उंच इमारतींचा एक समूह आहे. त्यातल्या सुमारे २,४०० घरांची सोडत म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगारांसाठी काढली. घरं हाती यायला पुढे बरीच वर्षं गेली. मधल्या करोनाकाळात त्या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या. लालबाग-परळला उमेदीची वर्षं घालवलेली माणसं अशी उतारवयात पनवेल तालुक्याची रहिवासी झाली.

उतारवय म्हटलं की दातांची कामं आलीच. कोनहून मुंबईच्या दिशेने निघालं तर कामोठ्याला एमजीएम, खारघरला वाय. एम. टी., बेलापूरला भारती विद्यापीठ, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा अशी दंतमहाविद्यालयांची रांगच लागते. खासगी दवाखान्यात कॅपचा खर्च ऐकून हबकलेला माणूस अशा एखाद्या महाविद्यालयाच्या ओपीडीत येतो. इथे फेऱ्या जास्त होतात, वेळ जास्त जातो, पण काम कमी पैशात होतं. कारण ते विद्यार्थी करतात आणि शिक्षक मागे उभे राहून बघतात.

अशी एक गाठभेट कल्पनेने उभी करू. खुर्चीत सत्तरीचे आजोबा आहेत. गिरणीच्या रंगखात्यात होते, १९८२ च्या संपात बाहेर पडले ते पडलेच. वरच्या पुढच्या दातावर कॅप बसवायची आहे. समोर इंटर्नशिप करणारी मुलगी आहे, तिच्या हातात दातांच्या नमुन्यांची पट्टी. एकेक नमुना ती दाताशेजारी धरते, डोळे ताणून बघत राहते, खाली ठेवते, पुन्हा पहिलाच उचलते. "आजोबा, हलू नका हं." आजोबांचं तोंड उघडं, त्यामुळे बोलायची सोय नाही. बोलता आलं असतं तर म्हणाले असते, पोरी, एवढा वेळ बघशील तर सगळं सारखंच दिसायला लागेल. आणि आधी तो डोक्यावरचा दिवा मालव.

कापडाची शेड जुळवणाऱ्याच्या अंगात ही दोन्ही पथ्यं रोजच्या कामातून मुरलेली असतात. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला ती मुद्दाम शिकावी लागतात. बहुतेक विद्यार्थी येतात ते असं धरून की रंग ओळखणं ही नजरेची देणगी आहे, एखाद्याला असते, एखाद्याला नसते. प्रत्यक्षात हे बरंचसं शिस्तीचं काम आहे. केव्हा बघायचं, कशाच्या उजेडात बघायचं आणि नजर कधी काढून घ्यायची, याची शिस्त.

त्या पट्टीला सगळेच 'शेड गाइड' म्हणतात. जगभर सर्वांत जास्त वापरलं जाणारं शेड गाइड जर्मनीतल्या बाड झेकिंगन या गावच्या व्हिटा कंपनीचं आहे. त्याचा आधीचा अवतार १९५६ सालचा, आणि आज दवाखान्यांत दिसणारं 'क्लासिकल' १९८३ चं. त्यात सोळा खोटे दात असतात. त्यांचे गट चार: ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी तांबूस-पिवळा, सी राखाडी आणि डी तांबूस-राखाडी. गटात आकडा वाढेल तसा रंग सामान्यपणे दाट होत जातो. ए गटात १, २, ३ आणि ४ यांच्या जोडीला ३.५ नावाचाही एक गडी आहे, आणि डी गटात १ नंबरच नाही. कोणाला ही मांडणी अजागळ वाटली तर त्यात त्याची चूक नाही.

विद्यार्थ्याची पहिली फजिती इथेच होते. वर्णमाला ए पासून सुरू होते, तेव्हा ए सर्वांत उजळ आणि डी सर्वांत काळपट, असं तो मनाशी धरतो. त्यावर एक जुना, बिनखर्चाचा सराव आहे. नमुन्यांची नावं चिकटपट्टीने झाकायची आणि सोळाही दात उजळ ते गडद असे ओळीने लावायचे. कंपनीने उजळपणानुसार दिलेला क्रम असा आहे: बी-१, ए-१, बी-२, डी-२, ए-२, सी-१, सी-२, डी-४, ए-३, डी-३, बी-३, ए-३.५, बी-४, सी-३, ए-४, सी-४. म्हणजे सगळ्यांत उजळ बी गटातला, डी-२ थेट चौथ्या नंबरवर, आणि डी-४ हा डी-३ पेक्षा उजळ. अक्षरं आणि आकडे यांच्यावर विसंबून चालणार नाही, हे एकदा हाताने लावून बघितलं की कायमचं पटतं. दुसरा सराव याच्याच पुढचा. दोन शेड गाइड घ्यायची, दोन्हींची नावं झाकायची आणि जोड्या लावायच्या. सोपं वाटतं. पण ए-२ आणि बी-२ समोर आले की अर्धा वर्ग अडतो.

उजळपणाचं इतकं कौतुक कशाला? त्यासाठी रंगाचे तीन गुण वेगळे करून बघावे लागतात. अमेरिकेतले एक चित्रकलाशिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली ते मांडले. पहिला म्हणजे छटा: तांबूस की पिवळी. दुसरा उजळपणा: पांढऱ्याच्या जवळ की काळ्याच्या. तिसरा दाटपणा: तोच पिवळा फिका की भडक. आपले विद्यार्थी यांना ह्यू, व्हॅल्यू आणि क्रोमा म्हणतात. हे सगळं बीडीएसच्या दुसऱ्या वर्षी दंतसाहित्याच्या विषयात येतं आणि टिपा लिहा छाप प्रश्नात खर्ची पडतं. खरी गरज लागते ती पुढच्या वर्षांत, रुग्ण समोर आल्यावर. तोवर टीप विसरलेली असते.

मन्सेलची ही मांडणी दातांना लावून दाखवली ब्रूस क्लार्क या अमेरिकी दंतवैद्याने, १९३१ साली. दंतवैद्यांनी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९७३ मध्ये रॉबर्ट स्प्राउल यांना लेखमाला लिहून पुन्हा तेच सांगावं लागलं, की रंगाला तीन बाजू असतात आणि शेड गाइड मात्र त्या तिन्ही बाजूंनी रचलेलं नाही. असं रचलेलं गाइड व्हिटानेच १९९८ साली आणलं. त्यात २६ नमुने उजळपणाच्या पाच गटांत लावलेले आहेत. आधी उजळपणा ठरवा, मग दाटपणा, शेवटी छटा. तरीही आपल्याकडे बहुतेक हातांत जुने सोळाच दिसतात. लॅबवाल्यांना तीच नावं पाठ असतात, आणि सवय ही काही वैज्ञानिक लेखाने सुटत नाही.

उजळपणा आधी ठरवण्याचं कारण डोळ्यात आहे. आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे ६० लाख असतात, तर उजेड-अंधार ओळखणाऱ्या दंडपेशी १२ कोटींच्या घरात. रंगापेक्षा उजेडातला फरक माणसाला लवकर टोचतो. शिवाय खऱ्या दातांच्या छटा सगळ्या मिळून पिवळ्या आणि तांबूस-पिवळ्याच्या मधल्या एका चिंचोळ्या पट्टीतच मावतात. त्यामुळे छटा थोडी चुकली तर समोरच्याला पत्ता लागत नाही. उजळपणा चुकला तर चार हातांवरून कळतं की हा दात मूळचा नव्हे. शिक्षक सांगतात, डोळे किलकिले करून बघा. पापण्या अर्ध्या मिटल्या की डोळ्यात शिरणारा उजेड कमी होतो, रंग मागे सरतो आणि नुसता उजळपणा उरतो. मग नमुना आणि दात यांपैकी जो आधी अंधारात बुडतो तो गडद.

आता उजेडाकडे. दादरच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस घेणारी कुठलीही बाई कापड हातात घेऊन दुकानाच्या दारात का येते, हे दुकानदार विचारत नाही. ट्यूबलाइटखाली साडीशी तंतोतंत जुळलेलं पीस उन्हात वेगळंच दिसू शकतं, हे दोघांनाही ठाऊक असतं. दोन वस्तूंचे रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात, त्याला शास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. वस्तूचा रंग म्हणजे तिने परत फेकलेला प्रकाश. साडी आणि पीस वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली असतील, तर प्रकाशातले कुठले तुकडे परत फेकायचे हे दोन्हींचं वेगळं असतं. बेरीज एका दिव्याखाली सारखी येते, दिवा बदलला की बिघडते. खरा दात आणि पोर्सेलीन यांचं नातं अगदी असंच. एक हाडामांसाच्या घराण्यातला, दुसरा भट्टीतून निघालेला.

म्हणून जुनी पुस्तकं सांगत आली, शेड उत्तरेकडच्या खिडकीच्या उजेडात घ्या, सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन येत नाही. येतो तो आभाळाचा पसरलेला, स्थिर उजेड. गिरणगावातल्या करवती छपरांचं रहस्यही हेच. छपराच्या प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे ठेवायची, म्हणजे सूत आणि कापड बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येत नाही. पण ही युक्ती युरोपात जन्मलेली. मुंबई-पनवेल १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या मध्यापासून जुलै सरेपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत उत्तरेची खिडकीही उन्हाला अपवाद नाही. त्यातला निम्म्याहून जास्त काळ पाऊस असतो हे खरं, पण पनवेलच्या पावसाळी दुपारी खिडकीतून येतो तो निळसर, मंद उजेड. त्यात पिवळा दात आहे त्याहून मलूल दिसतो.

आता म्हणून खिडकीऐवजी दिवा ठरवून घेतात. प्रमाण दिवसाचा उजेड म्हणून ५,५०० ते ६,५०० केल्विन रंगतापमानाचा दिवा वापरायचा, आणि त्याचा रंगदर्शकांक ९० च्या वर असावा. घरातला जुना पिवळा बल्ब २,७०० केल्विनच्या आसपास असतो, त्याच्याखाली सगळेच दात ए गटातले वाटतात. खुर्चीवरचा झगझगीत दिवा शेड घेताना बंद. तो इतका प्रखर असतो की दातावर पांढरा डाग चमकतो आणि रंग पुसला जातो.

भिंतीचा, कपड्याचा आणि ओठांचा रंगही उजेडात मिसळतो. लिपस्टिक पुसायला सांगतात. रुग्ण लालभडक किंवा पोपटी नेसून आली असेल तर गळ्यापासून खाली करडं कापड टाकतात. करडंच का, तर त्याला स्वतःचं मत नसतं. पूर्वी नमुन्यांकडे बघून थकलेल्या डोळ्यांना निळ्या कार्डावर विसावा द्या, असं शिकवत. कल्पना अशी की निळं बघितल्यावर डोळा पिवळ्यासाठी जास्त तीक्ष्ण होतो. तो होतो, पण गरजेपेक्षा जास्त. निळ्यावरून उठलेल्या नजरेला प्रत्येक दात पिवळसर वाटू लागतो. मग निळं कार्ड गेलं आणि तिथेही करडं आलं.

आणि पाच सेकंद. एका नमुन्याकडे पाच, फार तर सात सेकंद बघायचं, मग नजर बाजूला. त्यापुढे शंकूपेशी थकतात. समोर पिवळा असेल तर पिवळ्याचा जोर कमी होत जातो आणि ज्या दोन नमुन्यांत मघाशी स्पष्ट फरक होता ते जुळे भाऊ वाटायला लागतात. मेहनती विद्यार्थ्याला हे पाळणं सगळ्यांत जड जातं. आयुष्यभर त्याला सांगितलेलं असतं की नीट बघ, मन लावून बघ. इथे पहिली नजर बहुतेक वेळा बरोबर असते आणि दहावी नजर हमखास चुकीची.

बघायचं तरी दाताच्या कोणत्या भागाकडे? भिंतीला जसा एक रंग असतो तसा दाताला नसतो. दात हा थरांचा आहे. बाहेर इनॅमल, अर्धपारदर्शक. आत डेंटिन, पिवळं आणि अपारदर्शक. दिसणारा पिवळेपणा मुख्यतः आतल्या डेंटिनचा, इनॅमलमधून गाळून आलेला. हिरडीजवळ इनॅमल पातळ, म्हणून तिथे दात जास्त पिवळा. मधला भाग त्यातल्या त्यात खरा रंग सांगतो. खालच्या कडेला आत डेंटिनच नसतं, फक्त इनॅमल, म्हणून ती कड निळसर, काचेसारखी दिसते. प्रकाशाची आखूड, निळी तरंगलांबी जास्त विखुरली जाते म्हणून हे घडतं, आणि आभाळ निळं दिसण्याचं कारणही तेच. वयाबरोबर इनॅमल झिजतं, आतून डेंटिनचा नवा थर चढत राहतो, दात गडद होतो. सत्तरीच्या आजोबांना ए-१ ची कॅप बसवली तर ती त्यांच्या तोंडात पाहुणी दिसेल. सुळा शेजाऱ्यांपेक्षा दाट रंगाचा असतो. म्हणून छटा ठरत नसेल तर विद्यार्थ्याला सुळ्याकडे बघायला सांगतात. तिथे छटा मोठ्या आवाजात बोलते.

या सगळ्याच्या वर आणखी एक करामत आहे. अतिनील प्रकाश पडला की खरा दात निळसर पांढरा चमकतो. जुन्या पद्धतीची कॅप चमकत नाही. नवरात्रात एखाद्या गरब्याच्या मंडपात अतिनील दिव्याखाली कोणी हसलं आणि एक दात गायब झाल्यासारखा दिसला, तर तो कॅपवाला ओळखावा. ही चमक आणायला पोर्सेलीनमध्ये एके काळी युरेनियमचं संयुग अल्प प्रमाणात मिसळत. ते पुढे बंद झालं, आता दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांवर भागवतात.

मग कागदावर दाताचं चित्र काढून त्याचे भाग पाडायचे आणि प्रत्येकात रंग लिहायचा: मानेला ए-३.५, पोटात ए-३, कडेला निळसर झाक, डाव्या बाजूला एक उभी भेग, मधोमध पांढुरका ठिपका. याला शेड मॅपिंग म्हणतात. चांगले शिक्षक यासाठी विद्यार्थ्याला रंगीत पेन्सिली आणायला लावतात. दहावीत चित्रकला सोडलेली मुलं सुरुवातीला कुरकुरतात.

शेड कधी घ्यायची हा प्रश्न सोपा वाटतो, पण चुका सर्वांत जास्त इथेच होतात. उत्तर एकच: सगळ्याच्या आधी. रुग्ण येऊन बसला, दात स्वच्छ केला, की पहिलं काम शेडचं. कारण तोंड उघडं ठेवून, कापसाचे बोळे खोवून, हवेचा फवारा मारून पंधरा-वीस मिनिटं काम झालं की दात सुकतो. इनॅमलच्या सूक्ष्म फटींतलं पाणी उडून तिथे हवा शिरते, प्रकाश जास्त विखुरला जातो आणि दात आहे त्याहून पांढरा, खडूसारखा दिसतो. ओलावा भरून यायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. दात कोरून झाल्यावर आठवण होऊन शेड घेतली, तर ती सुकलेल्या शेजाऱ्याची निघते. कॅप त्या दिवशी पक्की जुळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पांढरी फटक.

दात स्वच्छ करण्यावर महाराष्ट्रात थोडं थांबायला हवं. मिशरीची तपकिरी-काळी पुटं, कातचुन्याचा तांबडा थर, तंबाखूचे डाग हे दाताचे रंग नव्हेत, वर चढलेली पुटं आहेत. आधी स्केलिंग आणि पॉलिशिंग, मग शेड. एके काळी बायका दातवण लावून दात काळे करत आणि तेच शोभून दिसे. पांढराशुभ्र दात हा सौंदर्याचा सार्वकालिक नियम आहे, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. काही डाग मात्र घासून जात नाहीत, कारण ते घडणीतले असतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर १.५. दात घडण्याच्या वयात त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेलं की इनॅमलवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि तपकिरी चट्टे उमटतात. बाड झेकिंगनच्या सोळा दातांत यांच्यासाठी एकही नमुना नाही. अशा जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्याला शेड गाइड बाजूला ठेवून आधी ठरवावं लागतं, की एकट्या कॅपवर खोटे चट्टे रंगवून घ्यायचे, की शेजारच्या खऱ्या दातांचेच चट्टे कमी करायचे. माझ्या मते महाराष्ट्रात शिकणाऱ्या प्रत्येकाने असे दात रंगीत पेन्सिलीने काढण्याचा सराव करावा, तो मुंबईत शिकत असला तरी.

नजरेच्या देणगीचं काय? थोडी असते. लाल-हिरव्यात गफलत करणारं रंगांधत्व युरोपीय वंशाच्या सुमारे ८ टक्के पुरुषांत आढळतं, भारतीय पुरुषांत त्याहून कमी, आणि बायकांत क्वचित. शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ मध्ये तयार केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांवर ते काही मिनिटांत कळतं. विद्यार्थ्याला ते पहिल्याच वर्षी कळलेलं बरं. त्याने दंतवैद्य होऊ नये असं काही नाही. शेड घेताना शेजारच्या मैत्रिणीला हाक मारायची, एवढंच. बायका या कामात पुरुषांपेक्षा सरस असतात का, हा वाद जुना आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक विद्यापीठांतल्या सहाशेहून अधिक लोकांच्या एका पाहणीत त्या सरस ठरल्या, दुसऱ्या काही पाहण्यांत फरक दिसला नाही. २००९ च्या त्या पाहणीत मला जास्त बोलकं वाटलेलं वेगळं आहे. अनुभवी दंतवैद्य विद्यार्थ्यांपेक्षा लक्षणीय चांगले ठरले नाहीत. नुसती वर्षं गेल्याने नजर तयार होत नाही. चूक कुठे झाली हे लगेच कळत गेलं तरच ती तयार होते.

म्हणूनच संगणकावरचे सराव निघाले. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात तयार झालेला टूथगाइड ट्रेनर हा त्यातला नावाजलेला. पडद्यावर दात येतो, विद्यार्थी उत्तर देतो आणि लगेच कळतं की तो किती अंतराने चुकला. अशा सरावाने सुधारणा होते, हे वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांवर पाहिलं गेलं आहे. अट एवढीच की पडद्यावरून उठून पुन्हा खऱ्या दाताकडे यायला हवं. पडदा ओला नसतो, चमकत नाही आणि 'अजून किती वेळ' म्हणून विचारत नाही.

अंतराने चुकला म्हणजे काय, हेही मोजता येतं. रंगांतला फरक डेल्टा ई या आकड्याने सांगतात. ही मोजमापं काही दातांसाठी जन्मली नाहीत. कापड, रंग आणि छपाईच्या उद्योगांनी ती घासूनपुसून घेतली, म्हणजे रंगखातं इथेही आधी पोचलेलं. दातांच्या बाबतीत २०१५ मध्ये ठरलेले आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या अहवालात आलेले उंबरठे असे: फरक १.२ असेल तर निम्म्या लोकांना तो दिसतो, आणि २.७ पर्यंत असेल तर निम्मे लोक तो चालवून घेतात. म्हणजे 'दिसतंय' आणि 'चालणार नाही' यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा आहे. विद्यार्थ्याने गाठायचं ते ध्येय याच जागेत आहे. परिपूर्ण जुळणी कोणी मागत नाही.

आकडा देणारं यंत्रही आहे. पेनासारखं टोक दातावर टेकवलं की स्पेक्ट्रोफोटोमीटर शेड सांगतो. तो थकत नाही, खोलीच्या उजेडाने फसत नाही, आणि एकाच दातावर पुन्हा पुन्हा तेच उत्तर देतो. पण दात अर्धपारदर्शक असल्याने आत गेलेला काही प्रकाश बाजूने निसटतो, टोकाच्या छोट्या भोकात परत येतच नाही. यंत्राला वाटतं, दात गडद आहे. टोक थोडं हिरडीकडे सरकलं तर उत्तर बदलतं. तेव्हा डोळा आणि यंत्र दोघांना विचारावं, आणि दोघांचं पटलं नाही तर पुन्हा बघावं.

एवढं करून विद्यार्थ्याच्या हातात येतं काय? एक चिठ्ठी. कॅप तो स्वतः करत नाही, लॅबमधला तंत्रज्ञ करतो, आणि त्याने तो रुग्ण कधी पाहिलेला नसतो. 'शेड: ए-३' एवढीच चिठ्ठी गेली तर तो बिचारा शेड गाइडमधल्या ए-३ सारखी कॅप पाठवतो. त्यात आणखी एक गोम. शेड गाइडमधला नमुना जाडजूड, सगळा एका जातीचा. कॅपमध्ये पोर्सेलीनला मिळते जेमतेम दीड मिलिमीटर जागा, आणि तिच्याखाली कधी धातू असतो, कधी रूट कॅनलनंतर काळवंडलेला दात. म्हणून कोरलेल्या दाताचाही रंग वेगळा कळवावा लागतो. आता सगळे मोबाइलवर फोटो पाठवतात. चांगली गोष्ट आहे, पण फोटोत नमुना दाताच्या अगदी शेजारी, त्याच पातळीत, त्याचं नाव दिसेल असा धरलेला हवा. नाहीतर फोन आपल्या मनाने रंग 'सुधारतो' आणि तंत्रज्ञाला सुधारलेला दात दिसतो. शक्य असेल त्या विद्यार्थ्याने एक दिवस लॅबमध्ये बसावं. आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात कशी दिसते हे तिथे कळतं, आणि पुढच्या चिठ्ठ्या आपोआप लांब होतात.

कॅप येते. कायमची चिकटवण्याआधी ती नुसती बसवून बघतात. आरसा हातभर लांब धरायला देतात, कारण नाकाला लावून आपले दात कोणी बघत नाही. सोबत आलेल्या सुनेला किंवा नातीलाही विचारतात. आणि इथे पुस्तकात नसलेला प्रश्न येतो. "बाळा, जरा अजून पांढरी नाही का मिळणार?" कधी आजोबा विचारतात, लग्न ठरलेल्या मुली तर नेहमीच. विद्यार्थ्याने इतक्या शिस्तीने जुळवलेला ए-३ त्यांना नको असतो, हवा असतो बी-१, जाहिरातीतला. तेव्हा समजावून सांगायचं की एकच दात पांढरा झाला तर तोच डोळ्यात खुपेल. सगळेच उजळ हवे असतील तर आधी बाकीचे ब्लीच करा, दोनेक आठवडे रंग स्थिर होऊ द्या, मग शेड पुन्हा घेऊ. बरेच जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांनी मागितलेली शेड, आपण सुचवलेली शेड आणि दोन्हींतला फरक केसपेपरवर लिहायचा, त्यांची सही घ्यायची, शिक्षकांची घ्यायची, आणि मग सिमेंट कालवायचं.